कासवं कधी, काजूगर कधी, आणि माकडांचं काय करायचं

गेल्या अंकात मी आमच्या गुहागरकडच्या वाडीपासून खाडीपर्यंतच्या माझ्या रोजच्या चालण्याबद्दल लिहिलं होतं. वाटेत काय दिसतं, कुठल्या महिन्यात काय खायला मिळतं, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं जमणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेते. माहेर चिपळूणजवळ आणि सासर इथलं, त्यामुळे जे काय सांगते ते याच पट्ट्यातलं, डोळ्यांनी बघितलेलं आणि जाणत्या माणसांकडून ऐकून खात्री केलेलं.

प्रश्न: ताई, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार जोडून येतोय, मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत. कासवाची पिल्लं नक्की दिसतील ना? वेळासला जाऊ की गुहागरला? एका रिसॉर्टवाल्याने शंभर टक्के दाखवतो म्हणून सांगितलंय.
– एक वाचक, डोंबिवली

शंभर टक्के कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, एवढं पहिलं. पिल्लं कधी वर यायची ते वाळूच्या आतल्या उबेवर ठरतं, आपल्या सुट्टीवर नाही. हिशोब असा असतो, ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थापटून ती दाबते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा बघायला येत नाही. त्यानंतर पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस, उन्हाळा तापला तर थोडे कमी. म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात घातलेली अंडी तुमच्या तारखांच्या आसपास फुटू शकतात. म्हणून मार्च ही वेळ तुम्ही चांगली निवडलीय, पण एक दिवस जास्त ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी पोचा आणि रविवारी सकाळचं बघून निघा, म्हणजे चार वेळा संधी मिळते, कारण पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी, ऊन नसताना सोडतात.

वेळास की गुहागर, तर दोन्हीकडे कासवं वाचवायचं काम होतं. वेळासला २००२ पासून, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे सुरू केलं. त्याआधी अंडी सापडली की माणसं उचलून न्यायची, उरली तर कोल्हे आणि कुत्रे उकरायचे, हे मी माझ्या लहानपणी ऐकलेलंच आहे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. आता त्याच गावांतली पोरं कासवमित्र म्हणून पहाटे चार-साडेचारला किनारा चालतात. मादी येऊन गेली की वाळूवर ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा माग उमटतो, त्या मागावरून घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, तारखेची पाटी लावायची. गुहागरला किनारा लांब, पाच-सहा किलोमीटर, सुरूच्या झाडांच्या कडेने, आणि हल्ली घरटीही भरपूर लागतात. मुलं लहान आहेत आणि गर्दी नको असेल तर माझं मत गुहागर. वेळासची मजा घरांमध्ये राहण्यात आणि घरचं जेवण जेवण्यात आहे, ते हवं असेल तर तिकडे.

आणि एक कळकळीची विनंती आहे. दोन वर्षांपूर्वी मी सकाळी साडेसहाला हॅचरीपाशी उभी होते, घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली राखाडी रंगाची, तळहाताच्या निम्म्या आकाराची पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून चाललेली. डोळ्यावर वाळू चिकटलेली. त्यांना पाण्यापासून दहा-बारा मीटर मागे ठेवलं की ती आपोआप समुद्राकडे वळतात, कारण तिकडचं क्षितिज उजळ असतं. तेवढ्यात मागून एकाने मोबाईलचा टॉर्च लावला फोटोसाठी आणि त्यातली चार-पाच पिल्लं गर्रकन फिरून त्याच्या बुटांकडे निघाली. त्यांना उजेड म्हणजे समुद्र एवढंच माहितीय. कासवमित्राने त्या माणसाला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात जोडले. तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा, टॉर्च नाही, फ्लॅश नाही, पिल्लू हातात घ्यायचं नाही, आखलेल्या दोरीच्या पुढे जायचं नाही. ते वाळूवरचं चालणं त्यांचं त्यांनाच करू द्यायचं असतं. लाटेने मागे ढकललं तरी उचलून आत टाकायचं नाही.

मुलांना गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली तिच्या पुढच्या वल्ह्याला धातूची पट्टी होती, नंबर ०३२३३. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. पूर्वेच्या किनाऱ्यावरून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून बाई आमच्या वाळूत आली. आणि उलटंही झालंय, २०२३ मध्ये गुहागरहून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. आधी सगळे समजायचे की इकडची कासवं इकडे आणि तिकडची तिकडे.

प्रश्न: आम्ही जुलैमध्ये पाऊस बघायला येतोय, पण मासे खाणारे आहोत. तुम्ही मागे लिहिलं होतं की पावसाळ्यात मासे मागू नका. मग खायचं काय? आणि ते चढणीच्या माशांचं काय असतं, मित्र फार कौतुक करतो.
– एक वाचक, सांगली

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, माशांचा विणीचा काळ म्हणून, आणि तसाही समुद्र खवळलेला असतो. कोळी माणूस नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मग होडी लोटायचा, हा नियम कायद्याच्या किती आधीपासूनचा आहे. त्यामुळे जुलैत तुम्हाला हॉटेलात ताजं सुरमई-पापलेट कोणी वाढलं तर ते बर्फातलं असतं किंवा कुठून तरी लांबून आलेलं असतं, किनाऱ्यावर बसून ते कशाला खायचं? त्यापेक्षा सुकं मागा. सोड्याची खिचडी, सुकट घातलेली वांगी, बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी, बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत चुलीवर बोंबील भाजल्याचा वास, हे खरं पावसाळी जेवण आहे. मे महिन्यात दारात मांडव घालून आमच्या बायका हे सगळं वाळवून डब्यात भरतात ते याच दोन महिन्यांसाठी.

आणि भाज्या! जून उजाडला की टाकळा रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतो, कोवळा असतानाच खुडायचा, मे महिन्यातल्या फणसाच्या आठळ्या राखेत नाहीतर मातीत जपून ठेवलेल्या असतात त्या घालायच्या, वर ओलं खोबरं. फोडशी येते, भारंगी येते, कुर्डू येतो. शेवळं तर पहिल्या पावसाच्या आसपास जेमतेम दोन-तीन आठवडे, खाजरी असतात, त्यात काकडं घातल्याशिवाय घसा धरतो, म्हणून ज्या बाईला ती करता येते तिच्याच हातची खावी. हे सगळं हॉटेलच्या मेनूकार्डावर नसतं. ज्यांच्या घरी राहाल त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की तुम्ही जे घरी करता तेच आम्हाला द्या. बघा त्या बाईचा आवाज कसा फुलतो ते.

आता चढणीचे मासे. पहिला जोरदार पाऊस झाला की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यात, पऱ्ह्यात, अगदी भाताच्या खाचरापर्यंत चढतात, अंडी घालायला. रात्री बॅटऱ्या घेऊन, कोयते आणि टोपल्या घेऊन माणसं उतरतात, मीही लहानपणी वडिलांबरोबर गेलेय, तो थरार खोटा नाही. गुडघाभर पाणी, काळोख, पायाला चाटून जाणारा मासा. चवीलाही छान, पोट गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेलं. पण तिथेच तर सगळं आलं, प्रत्येक माशाच्या पोटात गाबोळी. पूर्वी घरटी एक माणूस उतरायचा आणि एका कालवणापुरते आणायचा, आता गाड्या भरून पोरं बाहेरगावाहून येतात, अख्ख्या पऱ्ह्याला आडवं जाळं लावतात आणि काही ठिकाणी तर ब्लीचिंग पावडर टाकतात की खालून वरून सगळं मरतं, मासे काय, मुठे काय, बेडकाची पिल्लं काय. आमच्या वरच्या पऱ्ह्याला गेली काही वर्षं चढण जवळजवळ होतच नाही. त्या पऱ्ह्यावर पाणमांजरं यायची, म्हातारी माणसं त्यांना उद म्हणायची, दगडावर माशाच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसायची त्यांची. आता खालच्या खाडीतच दिसतात, तीही कधीतरी. म्हणून मी आता चढणीचे मासे खात नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना देत नाही. तुमच्या मित्राला राग आला तरी चालेल, पण ऑगस्टनंतर या म्हणावं, मी स्वतः बांगडा भाजून वाढीन.

प्रश्न: गाडी नाहीये, दोघी मैत्रिणी येणार, मुंबईहून कसं यायचं?
– एक वाचक, ठाणे

कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून एसटीने गुहागर, साधारण पंचेचाळीस किलोमीटर, दीड तास धरा. खिडकीची जागा पकडा. दापोलीकडून येणार असाल तर दाभोळला फेरीबोट मिळते, पलीकडे धोपावे, दहाएक मिनिटांत खाडी पार, आणि त्या दहा मिनिटांत फोन पिशवीत ठेवा कारण खाडीच्या तोंडाशी कधी कधी डॉल्फिन दिसतात, आणि ब्राह्मणी घारी तर डोक्यावर असतातच, विटकरी अंग आणि पांढरं डोकं. पुढे गणपतीपुळ्याला जायचं असेल तर तवसाळहून जयगडला दुसरी फेरीबोट आहे. शेवटची एसटी आणि शेवटची फेरी किती वाजता ते मात्र त्या दिवशीच विचारून घ्या, पावसात वेळा बदलतात.

प्रश्न: तुम्ही प्राण्यांचं एवढं कौतुक लिहिता, पण आमची बाग माकडांनी संपवली त्याबद्दल एक शब्द नाही. शहाळी पाडतात, मोहोर ओरबाडतात, कौलं फोडतात. आम्ही लागवड सोडून दिली. पुण्या-मुंबईच्या लोकांना आवडेल तेवढंच लिहायचं का?
– एक शेतकरी वाचक, गुहागर तालुका

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मागच्या लेखात मी हे टाळलं आणि टाळायला नको होतं.

माझ्या परसात सासूबाईंच्या हातची वालाची आणि पडवळाची मांडवं असायची, चार घरांना वाटून उरेल इतकं. गेली सहा वर्षं मी मांडव घातलेला नाही. काळतोंड्या वानरांचा एक कळप आणि लालतोंड्या माकडांचा दुसरा, एक सकाळी येतो आणि एक दुपारी. शहाळं तोडून दोन घोट पितात आणि टाकून देतात, तेच बघवत नाही. मागच्या पावसाआधी स्वयंपाकघरावरची पस्तीस कौलं बदलली, आणि आता कौलं शाकारणारा माणूसही मिळत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन मी एका कचेरीत चार खेपा घातल्या, प्रत्येक वेळी एक कागद कमी निघाला. तेव्हा शहरातल्या माणसाने ‘ती त्यांचीच जागा आहे, आपण अतिक्रमण केलंय’ असं सांगितलं की मलाही राग येतो. माझ्या सासऱ्यांच्या आज्याने लावलेले माड आहेत ते.

पण रागाबरोबर मी विचारही करत आलेय की हे असं का झालं. आपल्या लहानपणीही वानरं होती ना? होती, पण डोंगरात होती. डोंगरात आता काय आहे? उंबर, आईन, किंजळ, जांभूळ, बेहेडा तोडून तिथे एकसारखा काजू नाहीतर हापूस लागला, नाहीतर सरपण म्हणून ट्रक भरून गेला. दुसरं म्हणजे आपली घरं बंद झाली. वाडीत चाळीस घरं असली तर पंचवीसला कुलूप, चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येणार. पूर्वी राखणीला माणूस असायचा, पोरं असायची, गोफण असायची, आता सत्तर वर्षांची म्हातारी काठी आपटते आणि वानर तिच्याकडे बघतही नाही. आणि तिसरं, घाटात गाडी थांबवून केळी आणि वेफर टाकणारे लोक. माकडाला एकदा कळलं की माणूस म्हणजे खाणं, की मग ते तुमच्या-माझ्या घरात शिरायला घाबरत नाही. म्हणून इतर वाचकांना इथेच सांगते, कुंभार्ली घाटात असो की कुठल्या देवळापाशी, माकडाला खायला घालू नका, त्या एका केळ्याची किंमत खालच्या गावातला माणूस भरतो.

उपाय म्हणाल तर एका घराने केलेला टिकत नाही, एवढं मी बघितलंय. शेजारच्या गावात दहा-बारा घरांनी मिळून मोहोराच्या आणि आंब्याच्या दिवसांत एक राखणदार ठेवला, पगार वाटून घेतला, त्यांचं नुकसान खूपच कमी झालं. मी स्वतः परसात आता हळद आणि मिरी करते, त्याला वानर तोंड लावत नाही. वाल खायचा तर विकत आणते, वाईट वाटतं, पण हळदीने निदान जमीन पडीक राहिली नाही. अर्ज मात्र सोडू नका. नुकसान झालं की दोन-तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायचं, फोटो काढायचे, पंचनाम्याला शेजारी साक्षीला घ्यायचा. सगळ्या वाडीने एकाच दिवशी अर्ज दिले तर वजन पडतं. आपण दोघं एकाच तालुक्यातले आहोत, ग्रामसभेत हा विषय मांडणार असाल तर मला बोलवा, मी येते.

प्रश्न: माझी आजी गुहागरची, ती ओल्या काजूची उसळ करायची. इथे न्यू जर्सीत ओले काजू मिळत नाहीत. दुकानातल्या काजूची करून बघितली, ती चव नाही. काही उपाय?
– एक वाचक, न्यू जर्सी

आजीची चव पूर्ण येणार नाही, उगाच आशा लावत नाही. ओला काजूगर म्हणजे बी कठीण व्हायच्या आधी, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हिरवी असताना कापून काढलेला गर. त्याचा चीक इतका जहाल असतो की बायका हाताला तेल नाहीतर राख लावून बसतात तरी बोटांची सालं निघतात. आजी ते करत असेल तेव्हा तिची बोटं काळी झालेली असणार, आठवून बघा.

जवळ जायचं तर इथून कोणी येणार असेल त्याच्याकडून वाळवलेले ओले काजूगर मागवा, सालासकटचे मिळतात. रात्री कोमट पाण्यात भिजवायचे, सकाळी साल सोलायचं. तेही नसतील तर दुकानातले अख्खे, न भाजलेले काजू रात्रभर भिजवा आणि मीठ घालून अर्धवट शिजवून घ्या, ही पायरी लोक सोडतात आणि मग काजू रश्शात वेगळा पोहतो. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग काजू, गोडा मसाला, किंचित तिखट, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, आणि शेवटी ओलं खोबरं सढळ हाताने. आमच्याकडे काही घरांत कांदा-खोबरं भाजून वाटण लावतात, तुमची आजी कुठलं करायची ते तिच्या वयाच्या कोणाला तरी विचारून घ्या, कारण या दोन उसळी वेगळ्या आहेत आणि ज्याला जी लहानपणी मिळाली तीच त्याला खरी वाटते.

काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, पण आता रानातल्या जनावरांनीही त्याला आपलं म्हटलंय. मार्च-एप्रिलच्या रात्री आमच्या काजीखाली बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, आंबूस वास सुटतो आणि वटवाघळं आणि कांडेचोर त्यावर तुटून पडतात. कांडेचोर म्हणजे उदमांजर, वर सांगितलेलं पाणमांजर नव्हे. सकाळी बघावं तर बोंडू चोखून टाकलेला आणि बी तशीच खाली, आपल्याला वेचायला ठेवल्यासारखी.

प्रश्न: चिपळूणला नातेवाइकांकडे पावसात जायचंय. रस्त्यावर मगर फिरतानाचा व्हिडिओ बघितला, खरा आहे का? सासूबाई जाऊ नका म्हणतात.
– एक वाचक, नाशिक

खरा आहे, २०२४ च्या पावसाळ्यातला, मुसळधार पावसात मगर रस्त्यावर आली होती. वाशिष्ठीत आणि तिला मिळणाऱ्या शिवनदीत मगरी पूर्वीपासून आहेत, आमच्याकडे जुनी माणसं तिला सुसर म्हणतात पण असते ती मगरच. पाणी चढलं की ती वाट चुकते आणि ओसरलं की परत जाते. सासूबाईंना सांगा जायला हरकत नाही, फक्त पुराच्या पाण्यात उतरायचं नाही, आणि ते मगरीपेक्षाही पुरासाठी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणने जे बघितलं ते माझ्या माहेरच्या माणसांनी पोटमाळ्यावर बसून काढलंय. मगर नीट बघायची असेल तर हिवाळ्यात या, गोवळकोटच्या खालच्या अंगाला खाडीत होडीतून गेलं की ओहोटीच्या वेळी चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात, तोंड उघडं ठेवून. होडीवाल्याला जवळ ने म्हणून आग्रह करू नका.

प्रश्न: मी सहावीत आहे. आमच्या घरामागे मोठं बेहेड्याचं झाड आहे, त्याच्या ढोलीपाशी एक मोठा पक्षी रोज येतो. काळा-पांढरा आहे आणि चोच खूप मोठी पिवळी आहे. बाबा म्हणतात गरुड आहे. तो ढोलीत काय करतो? आणि त्या झाडाला गिऱ्हाईक आलंय, बाबा तोडायला देणार आहेत.
– एक विद्यार्थिनी, संगमेश्वर तालुका

बाळा, तुझं पत्र सगळ्यात शेवटी घेतलं कारण मला त्याचं उत्तर सावकाश लिहायचं होतं.

तुझे बाबा चुकत नाहीयेत, आपल्याकडे त्याला गरुडच म्हणतात, कुठे माडगरुड, कुठे ककणेर. पुस्तकात त्याचं नाव धनेश. तो उडताना पंखांचा आवाज येतो का, लांबून गाडी आल्यासारखा? तू ऐकला असशीलच.

तू ज्याला रोज बघतेस तो नर आहे. मादी आत आहे. ती ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून स्वतःच्या विष्ठेने आणि चिखलाने बंद करून घेते, फक्त एक उभी फट ठेवते, चोच बाहेर येईल एवढी. आत तिची पिसं झडतात म्हणजे ती त्या काळात उडूही शकत नाही. साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत तिचं आणि पिल्लाचं खाणं तो एकटा आणतो. उंबराची फळं गळ्यातून एक एक काढून त्या फटीतून देतो, नीट मोज, एका खेपेला कधी कधी वीस-पंचवीस सुद्धा निघतात. कधी सरडाही आणेल. काजऱ्याची नारिंगी फळंही तो खातो, त्याची बी विषारी असते, तू मात्र हात लावू नकोस. तो आला नाही तर आतली दोघंही उपाशी, म्हणून झाडाखाली जाऊन बसायचं नाही, दगड मारायचा नाही, खिडकीतूनच बघायचं.

आता झाडाबद्दल. एवढी मोठी ढोली व्हायला झाड खूप जुनं लागतं, आणि हा पक्षी स्वतः ढोली कोरू शकत नाही, आयती शोधतो आणि चांगली मिळाली तर वर्षानुवर्षं त्याच ढोलीत येतो. तू बाबांना माझं हे उत्तर वाचून दाखव. बाबा, तुम्हालाही लिहिते. बेहेड्याला काय भाव मिळतो मला माहितीय, आणि घरात गरज असेल म्हणूनच तुम्ही तयार झाला असाल. पण निदान पावसाळा लागेपर्यंत थांबा, आत पिल्लू आहे. आणि तेवढ्या वेळात वनखात्यात आणि गावातल्या शाळेत कळवा. दर उन्हाळ्यात हा पक्षी बघायला फोटो काढणारी माणसं लांबलांबून येतात, आमच्या बाजूच्या गावात एका घराने अंगणातून बघायला देऊन जेवणाखाण्याचे चार पैसे जोडले, आणि झाडही राहिलं. तसं तुमच्याकडे होईलच असं नाही, पण तोडलेलं झाड एकदाच विकता येतं.

आणि बाळा, तू एक वही कर. रोज तो किती वाजता आला, काय आणलं, किती वेळा आला. ज्या दिवशी ढोलीचं तोंड फुटेल आणि ती बाहेर येईल ती तारीख मोठ्या अक्षरात लिही. झाडाखाली पडलेल्या बिया सांभाळून एका कोपऱ्यात पेर, पावसात त्यातलं काय काय उगवतं ते बघ, आणि मला कळव.